मंद, अंधूक, धूसर : उण्या प्रकाशाचा ठावठिकाणा

इंग्रजीतील 'डिम' हे विशेषण मराठी बोलण्यात रुळून बराच काळ लोटला आहे. विजेचा दाब उतरला की 'लाइट डिम येते'; निजण्यापूर्वी खोलीत 'डिम लाइट' ठेवला जातो; रात्रीच्या रस्त्यावर समोरून वाहन आले की दिवे 'डिम' करावे लागतात. मात्र हा शब्द उचलताना मराठीने त्याचा एकच कोपरा उचलला आहे. मूळ इंग्रजीत प्रकाश, त्या प्रकाशात दिसणारी आकृती, पाहणाऱ्याची नजर, आठवण, आशा आणि बुद्धी अशा सहा ठिकाणी हे एकच विशेषण वावरते. शिवाय एखाद्या गोष्टीविषयी नापसंती दाखवतानाही तेथे 'डिम' दृष्टीने पाहण्याचा वाक्प्रचार आहे. मराठी माणूस त्या ठिकाणी सरळ नाक मुरडतो. मराठीत बुद्धी 'डिम' होत नाही, आठवणही होत नाही. उसना शब्द दिव्यापाशीच थांबला, कारण पुढच्या सर्व जागांवर मराठीचे स्वतःचे शब्द आधीपासून बसलेले होते आणि ते परस्परांच्या जागा सोडायला तयार नव्हते. (संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे दशरूपकांतील 'डिम' आठवल्याखेरीज राहणार नाही. त्या रौद्रप्रधान रूपकात सूर्यचंद्रांची ग्रहणेही दाखवावयाची असतात, हे खरे; पण या दोन शब्दांचा संबंध केवळ कानापुरता आहे.)

हा मुद्दा भाषांतरकाराच्या तत्काळ लक्षात येतो. इंग्रजी वाक्यातील 'डिम'समोर त्याला मंद, अंधूक, धूसर, पुसट, मिणमिणता, फिकट यांतून एक शब्द निवडावा लागतो, आणि निवड करताना मूळ वाक्याने न सांगितलेली एक गोष्ट त्याला ठरवावी लागते : प्रकाश उणा पडला तो नेमका कोठे? दिव्यात, मधल्या हवेत, दिसणाऱ्या वस्तूवर की पाहणाऱ्याच्या डोळ्यात? इंग्रजी शब्द या प्रश्नाला बगल देऊ शकतो. मराठीला ती सोय नाही. ही गैरसोय म्हणजे भाषेचे दारिद्र्य आहे असे काहींना वाटेल. वस्तुतः ती एक विश्लेषणशक्ती आहे, आणि मराठी समीक्षेने काव्याविषयी बोलताना ती फारशी वापरली नाही, एवढेच नव्हे तर पुष्कळदा गमावली, असे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम 'मंद' हा शब्द घ्यावा. संस्कृतातून आलेला हा शब्द मुळात गतीचा आहे. मंद म्हणजे सावकाश चालणारा. म्हणून ग्रहांत शनी हा मंद, आणि जुन्या कागदपत्रांत शनिवार हा मंदवार किंवा मंदवासर. कालिदासाच्या 'मेघदूता'चे वृत्त मंदाक्रांता; तेही सावकाश पावले टाकणारे. (गायनातील 'मंद्र' सप्तकाशी या शब्दाची नेहमी गल्लत होते; तो शब्द निराळा.) गतीवरून तो बळाकडे गेला : जठरातील अग्नी क्षीण झाला की मंदाग्नी, व्यापाराचा उठाव ओसरला की मंदी. वर्तमानपत्रे 'मंदीचे सावट' असे लिहितात तेव्हा बाजाराच्या संथपणावर पुन्हा एकदा सावली धरतात. दिव्याच्या बाबतीत मंद म्हणजे ज्योतीचे बळ कमी. उणेपणाची जागा उगमापाशी आहे. हवा स्वच्छ असेल, डोळा निर्दोष असेल. ज्योतच हळू जळते आहे.

याच शब्दाची दुसरी गंमत त्याच्या मूल्यभारात आहे. मंद वारा, मंद सुगंध, मंद स्मित, देवघरात मंद तेवणारी समई, या सर्व प्रयोगांत मंदपणा हा गुण आहे. नाटकाच्या रंगसूचनेत प्रकाश मंद होत जातो तेव्हा तो निव्वळ कलेचा व्यवहार असतो. त्यात गुणही नाही, दोषही नाही. आणि हाच शब्द बुद्धीला लागला की शिवी होते. 'मंद आहेस का?' हा आजच्या महाविद्यालयीन तरुणांचा प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ मंदमती, मंदधी या जुन्या समासांत आहे. शासनव्यवहारात तर या शब्दाने माणसांचा एक वर्गच नोंदवला गेला. १९९५च्या अपंगविषयक कायद्यातील संज्ञेसाठी 'मतिमंदत्व' हा प्रतिशब्द रूढ झाला. २०१६च्या कायद्यात मूळ संज्ञाच बदलली आणि 'बौद्धिक अक्षमता' असा शब्दप्रयोग आला. शाळांच्या पाट्यांवरून जुना शब्द उतरण्यास मात्र कायद्यापेक्षा अधिक वेळ लागतो. ज्याला एखादी गोष्ट उशिरा कळते त्याला 'ट्यूबलाइट' म्हणण्याची बोलीतील पद्धत या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. कळ दाबल्यावर क्षणभर लुकलुकून मग पेटणाऱ्या नळीत गतीचा मंदपणा आणि प्रकाशाचा मंदपणा पुन्हा एकत्र आले. कोणत्याही कोशकाराच्या मदतीवाचून भाषेने आपला जुना अर्थसंबंध नव्या उपकरणात शोधून काढला.

आणि तरीही 'दिवा लहान' आणि 'दिवा मंद' हे मराठीत एक नाहीत. कंदिलाच्या काळात कोणी 'कंदील मंद कर' म्हणत नसे. 'बारीक कर' म्हणत असे. वात खाली घेतली की दिवा बारीक होतो, चढवली की मोठा होतो. म्हणजे व्यवहारात मराठी माणूस ज्योतीला आकाराने मोजतो. या भेदाचा सर्वांत सुंदर उपयोग 'ज्ञानेश्वरी'च्या दुसऱ्या अध्यायात आहे. दिव्याची कळी धाकुटी असली तरी पुष्कळ तेज प्रकट करते, म्हणून सद्बुद्धीलाही थोडकी म्हणू नये, असा तेथील दृष्टान्ताचा आशय आहे. आकाराचे लहानपण आणि प्रकाशाचे उणेपण यांत ज्ञानदेव येथे एक स्पष्ट रेघ ओढतात. आणि ही रेघ बुद्धीविषयी बोलताना ओढतात हे विशेष, कारण नेमक्या त्याच क्षेत्रात 'मंद' हा शब्द दोन्ही गोष्टी एक करून टाकतो.

'अंधूक' या शब्दाची जागा वेगळी. त्याच्या पोटातच 'अंध' बसलेला आहे. अंधूक दिसते असे म्हणताना कमतरता दिव्याची असेल वा अंतराची, वाक्य रचले जाते ते पाहणाऱ्याच्या बाजूने. मंद दिवा कोणी पाहत नसतानाही मंदच असतो. अंधूक व्हायला मात्र पाहणारा लागतो. आयुर्वेदातील 'तिमिर' हा शब्द याहून पुढे जातो. तिमिर म्हणजे काळोख, आणि तिमिर म्हणजे एक नेत्ररोगही. काळोखाला डोळ्यात नेऊन ठेवणारी ही संज्ञा भारतीय दर्शनांतील भ्रमचर्चेत वारंवार येते, ती उगाच नव्हे : तिमिररोग्याला दोन चंद्र दिसतात तेव्हा दुरुस्ती आकाशात करावयाची नसते.

'धूसर' हा मुळात रंग आहे, धुळीचा किंवा राखेचा करडा रंग. धूसर वस्तूवर किंवा वस्तू आणि डोळा यांच्या दरम्यान काहीतरी आले आहे : धूळ, धुके, धूर. ज्योतीचा दोष नाही, डोळ्याचाही नाही, माध्यमाचा आहे. आजच्या वृत्तपत्रांत एखाद्याच्या मंत्रिपदाची 'शक्यता धूसर' होते. हा प्रयोग इंग्रजी वळणाचा असावा, कारण मराठी आशा मुळात मावळत असे, सूर्यासारखी. 'पुसट' हा शब्द तर पृष्ठभागाचा आहे. पूर्वी स्पष्ट असलेले काही पुसले गेले, तेव्हाच ते पुसट होते. म्हणून 'अंधूक आठवण' आणि 'पुसट आठवण' यांत फरक आहे. पहिलीत मुळातच नीट पाहिले गेले नव्हते, किंवा आता मागे वळून पाहणारी नजर पुरी पडत नाही. दुसरीत नीट पाहिलेले काळाने घासून काढले. 'मंद आठवण' असे मात्र मराठीत होत नाही. आठवणीला मराठी माणूस दिवा मानत नाही, पाटी मानतो.

उगम, माध्यम, पृष्ठभाग आणि डोळा या चार जागांचा गोंधळ झाला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच एक साक्षात उदाहरण आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे १८१९ मध्ये एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली आणि पुढे शतकभर ती 'अंधूक' होत चालल्याची हळहळ व्यक्त होत राहिली. १८४४ पासून रॉबर्ट गिलने त्यांच्या प्रतिकृती करण्यात आयुष्य घालवले. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात दोन इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे संवर्धन करवून घेतले. सुटू पाहणारा रंगाचा थर भिंतीशी जखडून ठेवावा आणि चित्रे उजळावीत म्हणून लाखेचे रोगण लावण्यात आले. त्या वेळी चित्रे खरोखर उजळलीही. पण रोगण काळाबरोबर पिवळे पडत, काळवंडत गेले आणि पुढील पिढ्यांच्या संवर्धकांना चित्र स्वच्छ करण्यापूर्वी ते स्पष्ट करण्यासाठी लावलेला थर उतरवण्याचे काम करावे लागले. मधल्या काळात लेण्यात गेलेल्या प्रेक्षकाला जे पिवळसर, खोल, गूढ वाटले असेल त्यातील चित्रकाराचे किती, गुंफेच्या अपुऱ्या उजेडाचे किती, धुराच्या काजळीचे किती आणि रोगणाचे किती? 'चित्र अंधूक आहे' हे विधान यांपैकी काहीच सांगत नाही. अंधुकपणाचे श्रेय किंवा दोष चित्राच्या माथी मारून ते मोकळे होते.

मराठी काव्यसमीक्षेत अशी विधाने विपुल आहेत. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) प्रसिद्ध झाल्यापासून नवकाव्यावर दुर्बोधतेचा आरोप झाला आणि त्यावर दोन पिढ्या वाद चालला. या वादातील शब्दांची एक गोष्ट लक्षणीय आहे. आरोप करणारे कवितेला दुर्बोध, क्लिष्ट, अस्पष्ट म्हणत. म्हणजे दोषाची जागा कृतीत मानत. समर्थन करणारे त्याच अनुभवाला धूसर, तरल, सूचक म्हणू लागले. म्हणजे उणेपणाची जागा तीच ठेवून केवळ मूल्याचे चिन्ह उलटवले. दोन्ही पक्षांनी प्रकाशाचे प्रमाण मोजले, ठिकाण विचारले नाही. 'धूसर' हे काव्याचे प्रशंसावाचक विशेषण कसे झाले, याचा इतिहास कोणी लिहिला तर त्यात ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) या संग्रहाला मोठे स्थान द्यावे लागेल. या संग्रहाने मराठी वाचकाला संधिप्रकाशाची सवय लावली. आणि सवय लागल्यावर समीक्षेने संधिप्रकाशालाच काव्यत्व समजावयास सुरुवात केली. ग्रेस यांच्या कवितेवर हा अन्यायच झाला. त्यांच्या उत्तम कवितांतील प्रतिमा कडा बोथटलेल्या नसतात. एकेक प्रतिमा स्वतंत्रपणे पाहिली तर ती लखलखीत असते. अंधार असतो तो दोन प्रतिमांच्या मध्ये, जेथे नेहमीचा वाक्यान्वय तुटलेला असतो. या कवितेला धूसर म्हणणे म्हणजे धूळ नसलेल्या ठिकाणी धूळ पाहणे. सुधीर रसाळ यांच्या 'कविता आणि प्रतिमा' (१९८२) या ग्रंथानंतर तरी प्रतिमा आणि प्रतिमांचा परस्परसंबंध यांत भेद करूनच अशा कवितेविषयी बोलावयास हवे होते. नित्याच्या समीक्षालेखनात ते क्वचितच झाले.

संधिप्रकाशाच्या भाषेविषयी असाच एक वाद बंगालीत अधिक काटेकोरपणे झाला. हरप्रसाद शास्त्री यांनी नेपाळात सापडलेली चर्यागीते १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्या गूढ पदांच्या भाषेला 'संध्याभाषा' म्हटले : काही उजेड, काही अंधार असलेली, थोडी कळणारी आणि थोडी न कळणारी भाषा. १९२८ मध्ये विधुशेखर भट्टाचार्य यांनी दाखवून दिले की मूळ शब्द 'संधाभाषा' असावा आणि त्याचा अर्थ अभिप्रायपूर्वक योजलेली भाषा असा आहे. एका 'य'च्या फरकाने सगळा प्रश्न फिरला. पहिल्या वाचनात अंधूकपणा हा भाषेचा अंगभूत गुणधर्म होता. दुसऱ्या वाचनात ती भाषा जाणत्याला लख्ख दिसत होती, अंधूक होती ती केवळ बाहेरच्यासाठी. पुढील संशोधकांनी या मतात भर घातली, मर्यादाही दाखवल्या. मराठी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे ते प्रश्नाच्या मांडणीला. भाषा कमी उजेडाची आहे की वाचक तिच्या मंडळाबाहेरचा आहे, असे तेथे विचारले गेले. मराठीतील दुर्बोधतेच्या वादात या विचारण्याला फारसे स्थान मिळाले नाही.

धूसरतेच्या समर्थकांनी वेळोवेळी ध्वनिसिद्धान्ताचा आधार घेतला आहे. काव्यात अर्थ उघड नसावा, सूचित असावा. म्हणून सूचक ते अस्पष्ट, असे हे तर्कट चालते. आनंदवर्धनाला हे मान्य होण्यासारखे नाही. त्याच्या ग्रंथाच्या 'ध्वन्यालोक' या रूढ नावातच आलोक आहे. आणि पहिल्या उद्योतात वाच्य व व्यंग्य अर्थांचे नाते सांगताना त्याने दिव्याचाच दाखला दिला आहे. ज्याला उजेड हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो. तसेच ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाकडे लक्ष दिले पाहिजे, असा त्या कारिकेचा भाव. वाच्यार्थ मंद केला की व्यंग्यार्थ उजळतो, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. म्हटले आहे ते याच्या नेमके उलट. प्रसाद हा गुणही कोरड्या इंधनात अग्नी पसरावा तसा किंवा स्वच्छ पाण्यासारखा मनात पसरणारा म्हणून वर्णिला गेला, आणि तो सर्व रसांना साधारण मानला गेला. अभिनवगुप्ताने तर ठिकाणाचा प्रश्न एका श्लेषातच गुंफला. 'ध्वन्यालोका'वर त्याच्यापूर्वी 'चंद्रिका' नावाची टीका होती. त्याने आपल्या टीकेला 'लोचन' म्हटले आणि विचारले की डोळ्यावाचून चांदण्यातही जग दिसते काय? प्रतिस्पर्ध्याला मारलेला हा टोमणा आहे, यात शंका नाही. पण आलोक, चंद्रिका आणि लोचन या तीन नावांत उगम, माध्यमातला उजेड आणि डोळा या तिन्हींचा हिशेब मांडलेला आहे. अस्पष्टतेला ध्वनी म्हणणाऱ्या समीक्षकाला या परंपरेत उभे राहता येणार नाही.

आतापर्यंतची चर्चा केवळ शब्दांच्या शुद्धतेची वाटण्याचा संभव आहे. ती तशी नाही, हे दलित कवितेच्या स्वागताकडे पाहिल्यावर कळते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघू लागले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा', १९७४ मध्ये दया पवार यांचा 'कोंडवाडा' प्रसिद्ध झाला. या कवितेवर झालेल्या आक्षेपांत प्रचारकी, आक्रस्ताळी यांच्या जोडीने 'भडक' हा शब्द येत राहिला. हा शब्द प्रकाशाच्याच कुळातला आहे. भडकणे हा ज्योतीचा व्यवहार, भडका आगीचा. म्हणजे दिव्याच्या मोजपट्टीवर मंद व धूसर एका टोकाला ठेवून त्यांना कलात्मक ठरवायचे आणि दुसऱ्या टोकाला भडक ठेवून त्याला अभिरुचीहीन म्हणायचे, अशी मांडणी समीक्षेच्या मनात नकळत तयार झाली होती. गंमत अशी की 'प्रखर' हा शब्दही त्याच टोकाला बसतो. पण तो राष्ट्रभक्तीला आणि वक्तृत्वाला राखून ठेवलेला होता. उजेड किती असावा याचा हा संकेत साहित्यशास्त्रातून आलेला नव्हता, हे वर पाहिलेच. तो आला होता ज्या घरांत समई मंद तेवत असे त्या घरांच्या सांजवेळेतून.

मराठीतील सांजवेळेचे शब्द या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत. कातरवेळ हा शब्द मनाची एक हळवी अवस्था गृहीत धरतो. दिवेलागण हा शब्द घरात दिवा, दिव्यात तेल आणि तो लावणारे रिकामे हात गृहीत धरतो. खेडोपाडी 'कडुसे पडणे' हा प्रयोग आहे. त्यात ना हळवेपणा ना दिवा, केवळ उजेड गेल्याची नोंद. गावकुसाबाहेरच्या वस्तीत हीच वेळ बलुत्याच्या भाकरीचे तुकडे गोळा करण्याची होती. मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) किंवा दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) वाचताना कातरवेळेचा काव्यसंकेत लावू गेले तर काहीच हाती लागत नाही, आणि मग 'येथे सूचकता नाही' असा निर्वाळा दिला जातो. सूचकता असते. भुकेल्या माणसाच्या संध्याकाळीत ज्या गोष्टी न बोलता कळतात त्या कळण्यासाठी लागणारा डोळा वाचकापाशी नसतो.

या डोळ्याची कबुली देणारा एक लेख मराठीत आहे, आणि तो समीक्षकाने नव्हे तर नाटककाराने लिहिला, याची नोंद व्हावयास हवी. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे त्यांनी तेथे मोकळेपणे सांगितले. कवीकडून अर्थ विचारून घेतले आणि ती वस्ती त्याच्यासोबत हिंडून पाहिली. या प्रस्तावनेचे कौतुक सहसा प्रामाणिकपणाबद्दल केले जाते. तिचे सैद्धान्तिक मोल त्याहून अधिक आहे. कविता दुर्बोध आहे असे त्यांनी म्हटले नाही. आपल्याला दिसत नाही असे म्हटले. ढसाळांच्या कवितेत मंदपणा नाही, धूळही नाही. अंधूकपणा आहे तो पांढरपेशा नजरेचा, आणि ती नजर रात्रीच्या गल्ल्यांतून चालवत नेल्याशिवाय सुधारत नाही. मर्ढेकरांपासून चालत आलेल्या वादाला येथे एक वेगळे वळण मिळू शकले असते. समीक्षा त्या वळणावर थांबली नाही. तिने 'गोलपिठा'ची भाषा धक्कादायक ठरवली आणि ती जुन्याच मोजपट्टीकडे परतली.

अर्थात याचा प्रतिवाद होऊ शकतो. प्रत्येक वेळी दोष वाचकाचाच मानला तर कोणतीही कविता अस्पष्ट ठरणार नाही आणि वाईट कवीला कायमचे अभय मिळेल. आक्षेप रास्त आहे. 'गोलपिठा'नंतर आलेल्या अनुकरणांत ज्योत खरोखरच मंद असलेल्या कविता पुष्कळ आहेत. सूर्य, ज्वाला, मशाल यांची गर्दी असूनही मंद. उलट ग्रेस यांच्या अनुकरणांत खरी धूळ पुष्कळ आहे. म्हणूनच तर ठिकाण सांगणे आवश्यक. जो समीक्षक 'ही कविता मंद आहे' असे म्हणेल त्याने ज्योत दाखवली पाहिजे : कोणती प्रतिमा, कोणती ओळ, कोठे तेल संपले. 'धूसर' म्हणणाऱ्याने मधला थर दाखवला पाहिजे, आणि तो थर कवीचा आहे की पूर्वीच्या टीकाकारांच्या रोगणाचा, हेही. 'अंधूक' म्हणणाऱ्याला तर स्वतःविषयी बोलावेच लागेल.

१९६७ या एकाच वर्षी 'संध्याकाळच्या कविता' आणि ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' निघाल्या. महानोर अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे. त्यांच्या कवितेला कोणी धूसर म्हटले नाही. 'प्रसन्न', 'टवटवीत' अशी विशेषणे लागली. पण त्यांच्याच 'अजिंठा' (१९८४) या दीर्घकवितेत रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा लेण्यांच्या अर्ध्या उजेडात घडते आणि तेथे महानोरांची रानातली भाषा वेगळ्या उजेडात काम करते. रानातला कवी लेण्यात गेल्यावर काय होते, याचा विचार या कवितेच्या प्रेमकथेने झाकला गेला आहे.

लेण्याचा विषय निघाला आहे तर आणखी एका शीर्षकाकडे वळावे. यशवंत मनोहर यांच्या १९७७च्या संग्रहाचे नाव 'उत्थानगुंफा' आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावर पोसलेला वाचक गुंफा म्हटली की प्लेटोकडे जातो : भिंतीवरच्या सावल्या, साखळदंडांनी बांधलेली माणसे, आणि उत्थान म्हणजे त्या अंधारातून बाहेर पडणे. शीर्षकाचे हे वाचन सहज सुचते, आणि ते अपुरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन म्हटले गेले. तेथून औरंगाबाद लेण्यांचा डोंगर दिसतो. या भूगोलात वाढलेल्या वाङ्मयीन परंपरेत गुंफा हे सावल्यांचे बंदिगृह नसून विहार आहे, भिक्षूंचे अध्ययनाचे घर आहे. मिलिंद राजाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना नागसेन दिव्याचा दाखला देतो : रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत, मधल्या प्रहरातली आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच की वेगळी? एकच नव्हे आणि वेगळीही नव्हे. पण दिवा रात्रभर जळतो. 'उत्थानगुंफा'तील उत्थान गुंफेतून बाहेर आहे की गुंफेच्या आत, हा प्रश्न या दाखल्यासह विचारला तर त्या संग्रहातील अनेक कवितांचा रोख बदलतो. तसा तो विचारून एकेका कवितेचे वाचन व्हावयास हवे.